देहूचे महाजन श्रीतुकोबाराय

संतांच्या चरित्रांत दुकानाची गादी, तराजू, वजने-मापे, कर्जखते आणि वसुलीची वही यांना सहसा मानाचे स्थान मिळत नाही. भाविक वाचक चरित्र हाती घेतो तो साक्षात्काराच्या ओढीने; व्यापार, उधारी, दिवाळे या गोष्टी त्याला वाटेतल्या धुळीसारख्या वाटतात व त्या झटकून तो पुढे जातो. श्रीतुकाराम महाराजांच्या बाबतीत मात्र ही धूळ झटकून चालत नाही. ते वतनदार महाजनांच्या घरात जन्मले, वयाच्या तेराव्या वर्षापासून दुकानावर बसले, सावकारी केली, बैलांच्या पाठीवर माल घालून घाटाखाली उतरले, बुडाले आणि लोकांच्या तगाद्याला तोंड देत गावात राहिले. पुढे त्यांच्या मुखातून जी वाणी प्रकट झाली ती या सर्व व्यवहाराच्या भट्टीतून निघालेली आहे. माणसाने व्यवहारात कसे वागावे, आपले काय व दुसऱ्याचे काय हे कसे ओळखावे, या प्रश्नाचा त्यांनी प्रत्यक्ष जगून जो उलगडा केला, तो त्यांच्या कीर्तनाइतकाच मननीय आहे.

पुणे प्रांतात इंद्रायणीच्या काठी देहू हे गाव. महाराजांचे मूळ पुरुष विश्वंभरबाबा यांच्यापासून या घराण्यात पंढरीची वारी चालत आलेली होती. विठ्ठलाची मूर्ती विश्वंभरबाबांना लाभली व तिची स्थापना देहूस झाली, ही कथा सर्वश्रुत आहे. जातीने हे घराणे कुणबी, आडनाव मोरे, व्यवसायाने मात्र वाणी. आणि गावच्या पेठेची महाजनकी त्यांच्याकडे वतनाने होती. महाजनकी म्हणजे केवळ श्रीमंती नव्हे. त्या काळी पेठेत शेटे आणि महाजन असे दोन वतनदार असत. बाजार नीट भरावा, येणाऱ्या-जाणाऱ्या व्यापाऱ्याला आसरा मिळावा, सरकारचा कर व वतनदाराचे हक्क रीतसर वसूल व्हावेत, देण्याघेण्याचा तंटा उपस्थित झाला तर गोतसभेत बसून निवाड्याला हातभार लावावा, ही त्यांची कामे. म्हणजे दुसऱ्याच्या तराजूवर ज्याने लक्ष ठेवावयाचे, अशा माणसाच्या घरी महाराजांचा जन्म झाला. जन्मसालाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, कोणी इ. स. १५९८ धरतात, तथापि १६०८ हे साल अधिक मान्यता पावले आहे.

वडील बोल्होबा, आई कनकाई, वडीलबंधू सावजी आणि धाकटे कान्होबा. सावजींचे मन लहानपणापासूनच संसारात नव्हते. त्यामुळे बोल्होबांना वार्धक्य येऊ लागले तेव्हा कारभाराचे जू मधल्या मुलाच्या मानेवर आले. तेरा वर्षांच्या त्या मुलाने खातेवह्या हाती घेतल्या, दुकान सांभाळले, शेतीवर नजर ठेवली. आणि आरंभीची काही वर्षे त्याने हे सर्व इतक्या चोखपणे केले की गावाला कौतुक वाटले. ही गोष्ट नीट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. महाराजांना व्यापार कळत नव्हता म्हणून ते विरक्त झाले, असा एक समज कळत-नकळत पसरलेला आढळतो. तो खरा नाही. दोन विवाह झाले. पहिल्या पत्नी रखुमाबाई दम्याने आजारी असत, म्हणून पुण्याच्या आप्पाजी गुळवे यांची कन्या जिजाबाई ही दुसरी पत्नी म्हणून घरात आली. सासर सुस्थितीत, घर भरलेले, गोठ्यात जनावरे, गावात मान. पुढे सतराव्या वर्षी आईबाप गेले. अठराव्या वर्षी सावजींची पत्नी वारली व सावजी तीर्थयात्रेस निघून गेले, ते पुन्हा संसारात आले नाहीत. घराचा आधार असा एकेक खांबाने खचू लागला.

दुकान खचले ते त्यानंतर. महिपतीबाबांनी आपल्या ग्रंथांत या काळाचे वर्णन मोठ्या आस्थेने केले आहे. महिपतीबाबा हे स्वतः ताहराबादचे कुलकर्णी. दप्तराची लेखणी कानावर वागविलेला हा माणूस. जहागीरदाराच्या शिपायाने ऐन देवपूजेत तगादा लावला म्हणून ती लेखणी त्यांनी कायमची खाली ठेवली व पुढे ती केवळ संतचरित्रासाठी उचलली, असे सांगतात. म्हणूनच की काय, तुकोबांच्या हिशेबाच्या गोष्टी त्यांना बारकाव्याने सांगाव्याशा वाटल्या. त्यांच्या कथनातून उभे राहणारे चित्र असे : मालाचे नसलेले गुण सांगणे तुकोबांना जमेना, गिऱ्हाईक अडलेले दिसले की उधारी वाढू लागली, आणि उधारी मागावयास जावे तर समोरच्याचे ओढग्रस्त घर पाहून शब्द फुटेना. ज्यांची ऐपत होती त्यांनीही हे हेरले व देणे बुडविले. बैल मेले, भांडवल आटले, दुसऱ्यांचे पैसे अंगावर आले. सोयऱ्याधायऱ्यांनी एकदा हात दिला, पुन्हा माल भरून दिला; तोही गेला. अखेर दिवाळे वाजले आणि ज्या पेठेची महाजनकी आपल्याकडे, त्याच पेठेत मान खाली घालून चालण्याची पाळी आली.

या ठिकाणी भाविकपणाच्या भरात एक चूक होते. तुकोबा भोळे म्हणून बुडाले आणि भोळेपणा हाच त्यांचा मोठेपणा, असे म्हणून चरित्रकार मोकळे होतात. परंतु सावकाराचे जे पैसे बुडाले ते कोणाचे होते? ज्या वाण्याला येणे वसूल करवत नाही, त्याला देणेही फेडता येत नाही. आणि त्याच्या दयेचा भार अखेर त्याच्यावर विश्वासलेल्या तिसऱ्याच माणसावर पडतो. महाराजांना ही बोच लागून राहिली होती, हे त्यांच्या आत्मपर अभंगांवरून स्पष्ट दिसते. दिवाळ्याची लाज आणि व्यवसायात आलेले नुकसान यांचा उल्लेख करताना त्यांनी स्वतःकडे कोठेही मोठेपणा घेतलेला नाही.

कोकणातल्या फेरीची कथा याच काळातली. मिरचीची गोणी बैलावर घालून ते घाट उतरले. मिरची हे त्या वेळी फार जुने पीक नव्हे. पोर्तुगीजांच्या गलबतांतून समुद्रापलीकडून आलेले हे रोप गोमांतकाच्या किनाऱ्यावरून वर चढत देशावर रुजल्याला शेसव्वाशे वर्षेच झाली असतील. कोकणच्या त्या गावी तुकोबांनी गोणी उघडली आणि घेणाऱ्यांच्या हाती माप दिले. ज्याने त्याने आपल्या मनाप्रमाणे मोजून नेले. पैसे मागाहून देतो म्हणाले. पुढे तुकोबांचा माणूस म्हणवून कोणी एक अनोळखी इसम दारोदार फिरला व त्याने पै न् पै वसूल करून दिली. तो इसम कोण, हे या ग्रंथाच्या वाचकांना सांगावयास नको. परत येताना वाटेत एका ठकाने सोन्याचा मुलामा दिलेली पितळी कडी सोन्याची म्हणून गळ्यात बांधली व सारे पैसे काढून घेतले. घरी आल्यावर कडी खोटी निघाली. या कथेतील अद्भुत बाजूला ठेवले तरी एक गोष्ट उरते. जो स्वतः खोटे माप वापरीत नाही त्याला समोरच्याच्या खोट्या मापाचा संशय येत नाही. हा सद्गुण खरा. परंतु व्यापाऱ्याला तो एकटा पुरत नाही.

मिठाची कथा याहून अवघड आहे. नवऱ्याची पत गेली असे पाहून जिजाबाईंनी स्वतःच्या नावाने खत लिहून दिले आणि दोनशे रुपये उभे केले. त्या पैशांत मीठ भरून तुकोबा बालाघाटात गेले. या खेपेस व्यापार साधला; दोनशेचे अडीचशे झाले. परतीच्या वाटेवर कर्जापायी नाडलेला, वतन गमावलेला एक ब्राह्मण भेटला. त्याची स्थिती पाहून तुकोबांनी जवळची सर्व रक्कम त्याला देऊन टाकली व रिकाम्या हातांनी घर गाठले. जिजाबाई काय बोलल्या असतील याची कल्पना कोणीही करावी. कीर्तनांतून त्यांच्या या रागाला हसण्याची रीत आहे. वस्तुतः त्यांचा राग न्यायाचा होता. नफ्याचे पन्नास रुपये एक वेळ तुकोबांचे म्हणता येतील. मुद्दलाचे दोनशे त्यांचे नव्हते. ते एका बाईच्या शब्दावर मिळालेले होते आणि तो शब्द मोडला गेला. महाराजांची करुणा येथे अथांग आहे. परंतु दुसऱ्याच्या द्रव्याने केलेले दान हे निर्दोष दान होते असे म्हणवत नाही. थोर पुरुषांच्या चरित्रातील असे प्रसंग झाकून ठेवण्याचे कारण नाही. कारण याच तुकोबांनी पुढे काही काळाने जे केले, त्याचा अर्थ या प्रसंगाशेजारी ठेवल्यावाचून कळत नाही.

मध्यंतरी दुष्काळ आला. इ. स. १६२९ पासून सुमारे तीन वर्षे दख्खन व गुजराथ या प्रांतांवर जी आपत्ती कोसळली, तिच्याइतकी घोर आपत्ती या भूमीने क्वचितच पाहिली असेल. पाऊस गेला, त्यातच लष्करांच्या हालचाली चालू होत्या. निजामशाही मोडकळीस आलेली, मोगलांची फौज दक्षिणेत उतरलेली. १६३० साली आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे जाळून उद्ध्वस्त केले. देहू तेथून किती दूर? शहाजहान बादशहा त्या सुमारास बऱ्हाणपुरास होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी याने लिहून ठेवले आहे की भाकरीच्या मोबदल्यात माणूस स्वतःला विकावयास निघाला तरी घेणारा मिळेना. आणि दुकानदार मेलेल्यांची हाडे कुटून पिठात मिसळून ते पीठ विकू लागले. पीटर मंडी नावाचा इंग्रज व्यापारी त्याच काळात सुरतेहून आग्र्यास गेला. त्यानेही वाटेवरच्या प्रेतांचे वर्णन केले आहे. बादशहाने बऱ्हाणपुरात अन्नछत्रे घातली, सारामाफी दिली. परंतु लंगर किती जणांपर्यंत पोचणार?

हाडांचे पीठ विकणारे ते दुकानदार जन्मतः राक्षस नसावेत. कालपर्यंत तेही आपापल्या पेठेत जोहार घेत बसलेले चारचौघांसारखे वाणी असतील. भाव चढतो, माल संपतो, गिऱ्हाईक काहीही द्यावयास तयार असते, आणि त्या क्षणी माणसाच्या हातातले माप त्याची परीक्षा घेते. देहूच्या महाजनाच्या घरी या परीक्षेचा निकाल काय लागला? रखुमाबाई अन्न अन्न करीत गेल्या. मुलगा संतोबा गेला. धान्याचा व्यापार करणाऱ्या वतनदाराच्या घरात भुकेने माणूस मरावे, याचा अर्थ एकच होतो. त्या घरात धान्य दडवलेले नव्हते. यापेक्षा वेगळा पुरावा कोणी मागू नये. पत्नीच्या मृत्यूचे आणि दुष्काळात गेलेल्या अब्रूचे दुःख महाराजांनी स्वतःच्या शब्दांत नोंदवून ठेवले आहे व ते वाचताना आजही मन चरकते.

या आघातानंतर ते एकाएकी घरातून नाहीसे झाले. देहूच्या आसपासच्या डोंगरांत एकांताच्या जागा आहेत. भामचंद्र, भंडारा, गोराडा ही नावे वारकऱ्यांच्या तोंडी आहेत. भामचंद्रावर ते पंधरा दिवस अन्नपाण्यावाचून नामस्मरण करीत बसले आणि तेथे त्यांना विठ्ठलाचा साक्षात्कार झाला, असे परंपरा सांगते. कान्होबा त्यांना धुंडीत धुंडीत तेथे पोचले. दोघे भाऊ खाली उतरले, इंद्रायणीच्या काठी आले. तुकोबांनी कान्होबांना घरातील खतांचे दप्तर आणावयास सांगितले.

हे दप्तर म्हणजे काय होते? पिढ्यान् पिढ्यांच्या सावकारीत लोकांनी लिहून दिलेली कर्जखते. दुष्काळापूर्वी कोणी बियाण्यासाठी काढले असेल, कोणी लग्नासाठी, कोणी सारा भरण्यासाठी. आता त्या ऋणकोंपैकी कित्येक मरून गेलेले. कित्येक गाव सोडून परागंदा. जे उरले त्यांच्या अंगणात ना बैल ना नांगर. अशा वेळी खतांची किंमत वरून पाहता शून्य. परंतु व्यवहारी सावकाराच्या दृष्टीने ती अधिक मोलाची. कर्ज फेडता येत नाही म्हटल्यावर जमीन घेता येते, वतनाचा हक्क लिहून घेता येतो, माणसाला पिढीजात राबवून घेता येते. दुष्काळानंतर मोठी होणारी घरे याच रीतीने मोठी होतात. महाजनांचे बुडालेले घर पुन्हा वर काढण्याचे साधन कोणते असेल तर ते हेच दप्तर होते.

तुकोबांना ते सारे इंद्रायणीच्या डोहात टाकावयाचे होते. कान्होबांनी अडविले. तुम्ही विरक्त झालात. मला लेकरेबाळे आहेत, मी काय खावे, अशी त्यांची रास्त विचारणा होती. तेव्हा महाराजांनी जे केले ते थोर आहे. त्यांनी भावाला उपदेश केला नाही, त्याला लोभी म्हटले नाही, वडीलपणाचा अधिकारही गाजविला नाही. त्यांनी खतांचे दोन सारखे वाटे केले. अर्धी खते कान्होबांच्या हाती दिली आणि वेगळे होऊन सुखाने आपला प्रपंच चालविण्यास सांगितले. उरलेली अर्धी, म्हणजे जी आता निःसंशय स्वतःची झाली होती ती, त्यांनी पाण्यात सोडली.

मिठाच्या पैशांचा तो प्रसंग आता आठवावा. तेथे समोरच्याचे दुःख पाहताच हातात होते ते देऊन टाकले. ते आपले की दुसऱ्याचे, हा विचार मनात आला नाही. येथे हात थांबला. अगोदर वाटणी, मग त्याग. अविभक्त कुटुंबातील एका भावाला दुसऱ्याच्या हिश्शाचे दान करता येत नाही, हा धर्मशास्त्राचा नियम गोतसभेत बसणाऱ्या महाजनाला ठाऊकच होता. परंतु साक्षात्काराच्या भरातही त्याचे भान सुटू नये, यात तुकोबांचे वेगळेपण आहे. पुष्कळ माणसे दुसऱ्याच्या पैशावर उदार होतात. संस्थेच्या तिजोरीतून, मालकाच्या गल्ल्यातून, कुटुंबाच्या ठेवीतून दान करून पुण्याची पावती मात्र स्वतःच्या नावावर फाडणारे लोक प्रत्येक काळात असतात. देहूच्या महाजनाने इंद्रायणीच्या काठी आधी हिशेब पुरा केला.

कान्होबांविषयीही येथे दोन शब्द लिहिले पाहिजेत. अर्धी खते मागून घेणारा भाऊ म्हणून कथेकऱ्यांच्या हाती त्यांची थोडी उपेक्षाच झाली आहे. त्यांनी अधर्म असा कोणताही केला नाही. आपला वाटा मागणे व लेकरांना पोसणे हा गृहस्थाचा धर्मच आहे, आणि तसे तुकोबांनीही मानले म्हणूनच त्यांनी वाटा दिला. महाराजांच्या वाणीत प्रपंचासाठी द्रव्य मिळविण्याचा निषेध कोठेही आढळत नाही. मिळविण्याचा मार्ग शुद्ध असावा आणि खर्च करताना मन त्यात गुंतू नये एवढाच त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या कठोर शब्दांचा मारा आहे तो दुसऱ्यांवर : मुलीचे पैसे घेऊन तिचे लग्न लावणारे, भगवी वस्त्रे घालून पोट भरणारे, हरिकथेचा मोबदला घेणारे यांच्यावर. जेथे कीर्तन करावे तेथील अन्नही ग्रहण करू नये, इतके कडक पथ्य त्यांनी स्वतःसाठी घालून घेतले होते. देवाच्या नावाने चालणारा बाजार त्यांना पेठेतल्या बाजारापेक्षा अधिक घातक वाटे. तेथे गिऱ्हाईकाला माप तपासता येत नाही. त्यांनी स्वतः मठ उभारला नाही, गादी स्थापिली नाही. मठाच्या उत्सवप्रसंगी हे स्मरण होणे गैर नाही. ज्या ज्या मठांनी आपला हिशेब उघडा ठेवला त्यांनी तुकोबांचेच पथ्य पाळले असे म्हणता येईल.

यानंतरचे आयुष्य तुलनेने परिचित आहे. पडक्या झालेल्या विठ्ठलमंदिराची डागडुजी त्यांनी स्वतःच्या अंगमेहनतीने केली. माती कालवली, भिंती रचल्या. एकादशीला कीर्तन सुरू झाले. आरंभी ते धृपद धरून मागे उभे राहत. संतांची वचने पाठ करीत. त्याच दिवसांत एका शेतकऱ्याने थोड्याशा धान्याच्या बोलीवर त्यांना शेताची राखण सांगितली. माळ्यावर बसून नामात रंगलेल्या राखणदाराच्या डोळ्यांदेखत पाखरांनी कणसे खाल्ली. मालकाने पंचांकडे तक्रार नेली. पंचांनी तुकोबांकडून असे खत लिहून घेतले की नेहमीच्या पिकाइतके धान्य मालकाला मिळावे, अधिक-उणे तुकोबांचे. मळणी झाली तेव्हा नेहमीच्या कितीतरी पट रास पडली. ठरलेले मालकाला मिळून उरलेली रास कायद्याने तुकोबांची. परंतु ते तिला शिवले नाहीत. ज्या धान्यासाठी आपण घाम गाळला नाही ते आपले नव्हे, असा त्यांचा भाव. खताचा शब्द त्यांच्या बाजूने असूनही त्यांनी तो वापरला नाही. पंचांना या गोष्टीचा अचंबा वाटला असल्यास नवल नाही. वादी-प्रतिवादी दोघेही आपल्या हक्कापेक्षा जास्त मागतात हेच त्यांनी जन्मभर पाहिलेले.

माघ शुद्ध दशमीस बाबाजी चैतन्य यांनी स्वप्नात येऊन मंत्र दिला. कवित्व प्रकट झाले. लोहगावी, देहूस, वाटेत, डोंगरावर अभंग होऊ लागले. त्यांचे टाळकरी कोण होते ते पाहावे. चाकणचे संताजी जगनाडे घाणा चालविणारे तेली. गंगाधरपंत मवाळ ब्राह्मण. लोहगावचे शिवबा कासार. हातात लेखणी, तराजू किंवा तेलाचे माप धरणारी ही माणसे. संताजींनी लिहून ठेवलेल्या अभंगांच्या वह्या पुढच्यांना मोलाच्या ठरल्या. शिवूरच्या बहिणाबाईंनी स्वप्नात त्यांचा उपदेश घेतला व पुढे देहूस येऊन त्यांना डोळे भरून पाहिले. विरोधही झाला. वाघोलीचे रामेश्वरभट्ट यांच्या सांगण्यावरून अभंगांच्या वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेरा दिवसांच्या धरण्यानंतर त्या कोरड्या वर आल्या आणि रामेश्वरभट्टच पुढे शिष्य झाले. एकाच नदीत महाराजांनी दोनदा कागद सोडले. खते सोडली ती कायमची गेली. अभंग सोडले ते परत आले.

जिजाबाईंनी या सर्व काळात घर चालविले. डोंगरावर भाकरी नेऊन देणारी, काटे तुडवीत नवऱ्याला शोधणारी, दारी आलेल्या सावकाराला उत्तर देणारी ही बाई होती. तिच्या जिभेला धार आली यात तिचा दोष थोडा. काशी, भागीरथी, गंगा या तीन मुलींची लग्ने महाराजांनी गावात खेळणाऱ्या आपल्या जातीच्या मुलांतूनच वर निवडून साधेपणाने लावली, असे महिपतीबाबा लिहितात. हुंडा नाही, देज नाही, कर्ज नाही. ऋण काढून सण साजरा करण्याची चाल ज्यांच्या घरी दप्तरभर खतांच्या रूपाने पडून होती, त्यांना तिचे परिणाम कोणी समजावून सांगावयास नको होते. शिवाजी महाराजांकडून अब्दागिरी, घोडे, दिवट्या आणि जडजवाहीर आले तेव्हा ते सर्व परत गेले, ही कथा लहान मुलांनाही माहीत आहे.

शके १५७१ च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस, म्हणजे इ. स. १६५० मध्ये (काहींच्या मते १६४९ मध्ये) महाराजांचे प्रयाण झाले. जिजाबाई त्या वेळी गरोदर होत्या. धाकटे नारायणबाबा वडिलांच्या मागे जन्मले. याच नारायणबाबांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केली. देहूहून तुकोबांच्या पादुका आळंदीस न्यावयाच्या व तेथून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरीस. एकोणिसाव्या शतकात ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी असलेले हैबतरावबाबा आरफळकर यांनी आळंदीची पालखी स्वतंत्र केली. तिच्यासमोर धावणारे अश्व बेळगाव जिल्ह्यातील अंकलीच्या शितोळे सरदारांकडून येतात. महाराष्ट्राच्या सीमेपलीकडील मराठी घरांचा वारीशी असा जुना ऋणानुबंध आहे.

गाथा छापली गेली ती १८६९ ते १८७३ या काळात. मुंबई सरकारने त्यासाठी चोवीस हजार रुपये मंजूर केले आणि विष्णु परशुरामशास्त्री पंडित व शंकर पांडुरंग पंडित यांनी हस्तलिखिते ताडून इंदुप्रकाश छापखान्यातून ती प्रसिद्ध केली. थोरल्या भावाच्या प्रयाणानंतर कान्होबांनी शोकाने देवाला जाब विचारणारे अभंग रचले. अर्धी खते घेऊन वेगळे झालेल्या धाकट्या भावाचे हे अभंग गाथेत तुकोबांच्या अभंगांबरोबर छापलेले आहेत.